बारा कपांचा सिलिकॉन ट्रे, त्याला लावलेली कात्री आणि पाहुण्यांसाठी थांबणारं फ्रूट सॅलड

सोलापुरात स्वतःचं घर असणं म्हणजे बिनपावतीचं भक्तनिवास चालवणं. तुळजापूर इथनं ४५ किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तरेक, गाणगापूरला जायचं तरी रस्ता इथनंच, त्यामुळं कुठलाही नातेवाईक कुठल्याही देवाला निघाला की मुक्काम आमच्याकडं. त्यात २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तसं मुंबईची मंडळीपण वाढली, संध्याकाळी गाडीत बसतेत आणि रात्री उशिरा इथं दारात. तक्रार नाही हं, माणसं आली की बरंच वाटतंय, पण ती कधी येणार ते देवाच्या रांगेवर असतंय. दुपारी एकला जेवायला येतो म्हणणारे चारला येतेत. जेवण गरम करून वाढता येतंय, गोडाचं काय करायचं हा खरा प्रश्न.

आमच्याकडं उन्हाळ्यात फ्रूट सॅलड ठरलेलं. दुधात कस्टर्ड, त्यात केळी, चिकू, सफरचंद, द्राक्षं. पण ते दोन तासांत खाल्लं तर फ्रूट सॅलड, चार तासांनी केळी काळी पडतेत, द्राक्षं पाणी सोडतेत आणि वरनं सायीसारखं काहीतरी येतंय. मागच्या वर्षी चैत्रात ताई आणि दाजी लातूरहून आले, सोबत दाजींचे आईवडील. तुळजापूरला गर्दी एवढी की यायला साडेपाच वाजले. आईनं सकाळी दहाला केलेलं सॅलड मी वाढलं आणि दाजींच्या आई वाटीकडं बघून अगदी प्रेमानं म्हणल्या, "शिकरण छान झालंय हो." आमची आई त्या दिवशी रात्री जेवली नाही.

तिथनं मी हा गोठवलेल्या फ्रूट सॅलडचा नाद घेतला. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिकडं १९२०-३० च्या दशकात घराघरात फ्रिज यायला लागले तेव्हा बायकांनी डब्यातली फळं, क्रीम, चीज आणि काही ठिकाणी चक्क मेयोनीज असं एकत्र करून गोठवायला सुरुवात केली, सॅलड म्हणून जेवणासोबतच खायचे, कारण फ्रिज असणं हीच तेव्हा मिरवायची गोष्ट होती. मेयोनीज आपल्याला जमणारं नाही, पण कल्पना झकास आहे, कारण पाहुणे चारला येवोत नाहीतर आठला, फ्रीझरमधला कप त्यांच्यासाठी थांबतो. तिकडं तो मफिनच्या साच्यात करतेत, एकेक कप एकेकाला. म्हणून मग हा ट्रे. आणि हा रिव्ह्यू त्या ट्रेचा आहे, रेसिपी मध्ये मध्ये येत राहील, ती आल्याशिवाय ट्रे कळत नाही.

आधी ऑनलाइन मागवला होता. साइटचं नाव लिहीत नाही, भांडायला वेळ नाही. फोटोत जाडजूड, हातात आला तर फुग्यासारखा लिबलिबित आणि वास असा की टायरचं दुकान उघडलं की काय. कपाची कड चिमटीत धरून पिरगाळली तर पांढरी रेघ उमटली, असं झालं की सिलिकॉनमध्ये भेसळ असते असं बरेच जण सांगतेत. खरंखोटं लॅबवाल्यांना माहीत, पण वास तर माझ्याच नाकाला येत होता. परत पाठवायला आठ दिवस गेले, तीन वेळा तो मुलगा दारात येऊन "ओटीपी आला नाही" म्हणून परत गेला.

मग सरळ नवी पेठेत भांड्याच्या दुकानात गेलो. तिथं हा मिळाला, बारा कपांचा, विटकरी रंगाचा, एका कपात साधारण मोठे पाच चमचे मावतील एवढा. चारशे सांगितले, साडेतीनशेला दिला. हा पिरगाळला तरी रंग तसाच राहिला, आणि वास होता पण कमी. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवला, सकाळी वास गेला. दुकानदार म्हणाला उणे चाळीसपासून दोनशे तीस डिग्रीपर्यंत चालतंय. आपल्या घरच्या फ्रीझरला उणे अठरा गाठायचीच मारामार, त्यामुळं खालच्या टोकाची काळजी नाही, आणि वरच्या टोकाचं म्हणाल तर मे महिन्यात आमच्या गच्चीवर ठेवला तर तेही तपासून होईल.

आता मोठी चूक, आणि ती दुकानदाराची नाही, माझी. माप घेतलं नाही. आमचा फ्रिज एका दाराचा, १९० लिटरचा, वर छोटं फ्रीझर आणि त्याच्या चारी बाजूंनी बर्फ साचलेला. बारा कपांचा ट्रे सरळ जातच नव्हता. तिरका केला की गेला, पण तिरका केला की आतलं सगळं एका बाजूला. अर्धा तास मी आणि बायको ट्रे आत, ट्रे बाहेर. शेजारचा मित्र आला, दारातनं बघून विचारतोय, "काय करूलालाय बे, फ्रिज दुरुस्त करूलालाय का?" म्हणलं, पाहुण्यांचं करूलालाव. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि ट्रे मधोमध कापला. सहा आणि सहा. सिलिकॉन कापलं जातंय आरामात, धागे निघत नाहीत, कड उसवत नाही. हे अल्युमिनियमच्या साच्याचं झालं नसतं, त्यामुळं याला मी एक मार्क जास्त देतो, कंपनीनं सांगितलेला नसला तरी.

पण कापल्यावर दुसरं लक्षात आलं, आणि न कापलेल्याचंही तेच आहे, की हा ट्रे स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. भरून उचलला की मधनं वाकतोय आणि मधल्या दोन कपांतलं सगळं ओट्यावर. म्हणजे रिकामा ट्रे आधी स्टीलच्या ताटात ठेवायचा, मग भरायचा, आणि ताटासकट फ्रीझरमध्ये. आमच्याकडं चपातीच्या मोठ्या डब्याचं झाकण बरोबर बसलं, तेव्हापासनं तो डबा बिनझाकणाचा आहे, चपात्या फडक्यात.

आता आत काय घालायचं. पहिल्या वेळी मी नेहमीचं कस्टर्डच ओतलं, कारण घरात तेच माहीत. गोठलं छान, बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत खाली पाणी आणि वर दाणेदार लगदा. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लॉवर, ते गरम असताना पाणी धरून ठेवतंय पण गोठून सुटलं की सगळं पाणी सोडून देतंय. म्हणजे पुन्हा शिकरणच, फक्त गार.

दुसऱ्या वेळी चक्का. तिकडचे लोक क्रीम चीज घालतेत, त्याच्या जागी आपला चक्का एकदम फिट बसतोय, आंबटपणा पण तसाच. एक किलो दह्याचा साधारण चारशे ग्रॅम पडतोय. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात दही खुंटीला टांगायचं नाही, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत चार तासांत ते असं आंबतंय की कढीच करावी लागते. चाळणीत फडकं, फडक्यात दही, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. त्यात अमूलच्या फ्रेश क्रीमचं एक छोटं पाकीट. हे क्रीम फेटून फुगत नाही, २५ टक्केच फॅट असतंय त्यात, फुगायला तीस-पस्तीसच्या वरचं लागतंय, त्यामुळं अर्धा तास बीटर फिरवून हात दुखवून घेऊ नका, मी घेतलाय. नुसतं ढवळून मिसळायचं. मग अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. चव बघताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण गार झाल्यावर जिभेला गोडवा कमी कळतो. आणि साखर फक्त गोडीसाठी नसते, ती पाण्याला पूर्ण घट्ट गोठू देत नाही. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून मी एकदा सहा कप बिनसाखरेचे केले होते, चमचा वाकला. शेवटी सासरे म्हणाले, "जावईबापू, राहू द्या, मी ताकच घेतो."

फळांचं सांगतो, कारण निम्मी मजा आणि सगळे घोटाळे इथंच आहेत.

अननस कच्चा घालू नका. मी घातला. मिश्रण करून दुपारभर फ्रिजमध्ये ठेवलं, रात्री कपात भरलं, दुसऱ्या दिवशी खाल्लं तर कडू, म्हणजे कारल्यासारखं नाही पण जिभेच्या मागं रेंगाळणारं कडू. मला वाटलं ट्रेचाच दोष, दुकानदाराला फोन करून बोललोसुद्धा. नंतर कळलं की अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतंय, ते दुधातलं प्रोटीन तोडतंय आणि त्यानं कडूपणा येतोय. अननसाचे तुकडे चमचाभर साखर घालून पाच-सात मिनिटं उकळू दिले की ते मरतंय. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतोय, त्याला हा त्रास नाही, तिकडच्या बायका डब्यातली फळं का वापरायच्या ते तेव्हा कळलं. किवीचंही तेच, पण आमच्याकडं किवी आजारी माणसाला बघायला जाताना नेतेत, सॅलडात कोण घालतंय. दुकानदाराची मी नंतर जाऊन माफी मागितली आणि एक चाळणी विकत घेतली.

कलिंगड नको, नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, दगड होतोय. सफरचंद गोठून सुटलं की भुसभुशीत, उसाच्या चोथ्यासारखं. द्राक्षं चालतेत पण अर्धी कापून, अख्खं द्राक्ष गोठलं की गोटी होते आणि आज्जी लोकांच्या कवळीला ते झेपत नाही. केळ्याचे तुकडे टाकू नका, एक पिकलेलं केळं लिंबू पिळून कुस्करून चक्क्यातच मिसळा, रंग फार काळवंडत नाही आणि सगळं मिश्रण मऊ राहतंय. चिकू चवीला एक नंबर, दिसायला मातीच्या रंगाचा, त्यामुळं घरच्यांसाठी. आंबा म्हणजे काय, आंब्याला काय बोलायचं, केसरच्या फोडी घाला आणि गप बसा.

आणि डाळिंब. हे सोलापुरात बसून लिहितोय म्हणून नाही, खरंच. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा आपल्याच केगावला आहे, पुणे रोडला, तरी आपण डाळिंब फक्त कोशिंबिरीवर भुरभुरायला वापरतो. भगवा जातीचे दाणे घ्या, बी मऊ असतंय. गोठल्यावर ते दाताखाली कचकन फुटतेत आणि आतला रस अर्धवट गोठलेला, सरबताच्या बर्फासारखा. कपाच्या तळाला आधी दाण्यांचा थर द्यायचा, वरनं मिश्रण. उलटा काढला की लाल टोपी वर येते. मी पहिल्यांदा असं ताटलीत काढलं तेव्हा आई चष्मा लावून आली.

आता ट्रेचं खरं काम इथं दिसतंय. माझ्याकडं कुल्फीचे अल्युमिनियमचे जुने साचे आहेत, ते पाण्यात बुडवा, हातात चोळा, आपटा, मग अर्धी कुल्फी येते. स्टीलच्या वाटीत तर सुरी फिरवावी लागते. या सिलिकॉनला खालनं अंगठ्यानं ढकललं की कप टुपकन बाहेर, कडा शाबूत, तळाची नक्षीसुद्धा दिसते. कपाच्या आतनं तेलतूप काही लावावं लागत नाही. थंडीत बाहेर काढून दहा मिनिटं ठेवावं लागतंय तेव्हा चमचा जातोय, मे महिन्यात तीन मिनिटं बास, चौथ्या मिनिटाला वाढलं नाही तर परत दाजींच्या आई आहेतच.

तक्रार आहे ती झाकणाची. ट्रेला झाकण नाही. आमच्या फ्रीझरमध्ये मटार, ओलं खोबरं, आलं-लसणाची पेस्ट आणि कुठल्यातरी मावशीनं दिलेली शेंगा चटणी कायम असते (चटणी फ्रीझरमध्ये का ते आईला विचारा, मी विचारून बसलोय). उघडा ट्रे दोन दिवस ठेवला तर सॅलडला लसणाचा वास. त्यात सिलिकॉन स्वतःच वास धरून ठेवतंय, धुतलं तरी. म्हणून मी रात्रभर ट्रेमध्ये गोठवतो, सकाळी सगळे कप काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरतो, दोन थरांमध्ये बटर पेपर. ट्रे मोकळा, दुसरा घाणा लगेच लावता येतो. असे ठेवलेले कप पंधरा दिवस मस्त राहतेत, त्यानंतर वर बर्फाची भुकटी धरायला लागते, खायला हरकत नाही पण मिरवायला नको.

लाइटचं पण सांगायला पाहिजे. एप्रिलमध्ये आमच्या भागातला डीपी जळाला, पाच तास लाइट नाही. आईनं दर अर्ध्या तासाला "बघू दे रं वितळलं का" म्हणून फ्रीझर उघडला, आणि त्यामुळं ते वितळलं. परत गोठवलं तर आत बर्फाचे काटे, जिभेला खरखर. असं झालं तर परत गोठवू नका, लगेच मिक्सरला फिरवा आणि ग्लासात द्या. आम्ही शेजाऱ्यांना पाजलं, त्यांना वाटलं मुद्दाम केलंय, आता दर रविवारी विचारतेत.

धुण्याचं म्हणाल तर क्रीमचा तुपकटपणा चिकटून राहतोय, साध्या पाण्यानं जात नाही, गरम पाणी आणि साबण लागतोच. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांतनं एकदा, त्यामुळं बारा कपांचे बारा कोपरे घासताना बायको माझ्याकडं कशी बघते ते सांगत नाही. आता ट्रे मीच धुतो, असा करार झालाय.

या मे महिन्यात खरी परीक्षा झाली. सासरची अकरा माणसं, सकाळी अक्कलकोट, तिथनं परस्पर तुळजापूर, येतो म्हणले सातला, आले पावणेदहाला, पोरं पेंगलेली. मी दोन दिवस आधीच दोन घाणे करून ठेवले होते, चोवीस कप. जेवणं होईपर्यंत फ्रिजकडं बघितलंसुद्धा नाही. पानं उचलल्यावर डबा काढला, ताटल्यांत मांडले, वर पुदिन्याचं एकेक पान, झाला की दहा मिनिटांत कार्यक्रम. सासूबाई आधी म्हणल्या, "हे आइस्क्रीम हाय का श्रीखंड?" मी म्हणलं फ्रूट सॅलड. त्यांनी चमचा घातला, दाणा फुटला कचकन, मग काही बोलल्या नाहीत, दुसरा कप घेतला. मेव्हण्याच्या पोरानं चार खाल्ले. आईनं त्या रात्री जेवण करून वर दोन कप खाल्ले हेही लिहून ठेवतो.

तर मार्क. ट्रेला पाचपैकी साडेतीन. एक मार्क झाकणासाठी कापला, अर्धा वाकण्यासाठी. घ्यायचाच असेल तर बारा कपांचा एक घेऊ नका, सहा-सहाचे दोन घ्या, एका दाराच्या फ्रिजला तेच जातेत, आणि दुकानात जाऊन पिरगाळून, वास घेऊन घ्या, दुकानदार हसला तर हसू दे. ज्यांचा फ्रिज दोन दारांचा आहे त्यांना हे सगळं लागू नाही, ते भाग्यवान, त्यांनी बाराचा घ्यावा.

ताईला पण एक पाहिजे म्हणत होती, पुढच्या आठवड्यात मी लातूरला चाललोय तेव्हा नेणार आहे. तिला फोनवर सांगितलंय, आधी फ्रीझरचं आतनं माप घे, टेप लावून, बर्फ खरवडून झाल्यावर. अजून तिचा मेसेज आला नाही, दाजी म्हणतेत टेप सापडत नाही.